शिक्का मावेल अशी बॅग

बॅग घ्यायची म्हटलं की मी आधी ती रिकामी करते. दुकानातली बॅग गुबगुबीत दिसते ती आत कोंबलेल्या कागदामुळे. तो कागद बाहेर काढायचा, आपल्या खांद्यावरच्या बॅगेतलं सगळं सामान तिच्यात भरायचं आणि आरशासमोर उभं राहायचं. निम्म्या बॅगा इथेच नापास होतात. कुणाचं पोट लोंबतं, कुणाची चेन दातखीळ बसल्यासारखी अडते, कुणाचा पट्टा खांद्यावरून घसरत राहतो. दुकानदार "मॅडम, असं नका करू" म्हणत मागे लागतो. मी ऐकत नाही. बॅग मला वापरायची आहे, त्याला नाही.

भिवंडीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी गाड्या, बिलं आणि ड्रायव्हर सांभाळते. राहायला कामतघरला. आमच्या गल्लीत अजून कापडाचे लूम चालतात, त्यामुळे कितीही झाडलं तरी घरात बारीक रुई बसते. माझ्या बॅगांसाठी मी लूमवरच्या कोऱ्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्यात. प्रत्येक पिशवीवर मार्करने लिहिलंय आत काय आहे ते. घरचे हसतात. पण लग्नाला निघताना बाकी सगळ्या बायका पिना शोधत असतात तेव्हा मी चप्पल घालून दारात उभी असते.

माझा नियम साधा आहे. कपाटात आधीच असलेल्या बॅगेचं काम करणारी दुसरी बॅग आणायची नाही. नवीन येईल तिने स्वतःचं काहीतरी घेऊन यावं. ऑफिसची काळी बॅग आहे, ती हेडक्लार्कसारखी ताठ बसते आणि कुणाशी जास्त बोलत नाही. एक खणाची आहे, तिचा पुढचा खिसा मुद्दाम तिरका शिवलाय. शिवणारीला विचारलं तर म्हणाली, "सरळ खिशाकडे कोण बघतं?" पटलं, घेतली. एक मोहरीच्या रंगाची, ती फक्त हळदीला जाते. आमच्याकडच्या हळदीत माणूस, मांडव, गाडी सगळंच पिवळं होऊन परत येतं, तिथे पांढरी बॅग नेणाऱ्या बाईला मी शहाणी म्हणणार नाही. आणि एक लाल, वेताच्या गोल कड्यांची. तिला चेनच नाही. ती नवरा बरोबर असेल तेव्हाच, पैसे त्याच्या खिशात राहतात.

निजामपुऱ्याच्या बाजारात मोठमोठ्या कंपन्यांच्या नावाच्या फर्स्ट कॉपी ढिगाने मिळतात. मी घेत नाही. पैसे देऊन दुसऱ्याचं नाव खांद्यावर वागवायची मला हौस नाही. त्यापेक्षा हाताने काम करणारी एखादी डिझायनर गाठावी. तिने ती बॅग का केली हे तिला सांगता येतं, आणि सांगता आलं नाही तर ती बॅग मी घेत नाही.

हे सगळं नात्यात माहीत आहे. म्हणून बॅग घ्यायची झाली की बायका मला फोन करतात. तसाच नणंदेचा आला.

माझी नणंद, म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, कोन गावाच्या पुढे आत एका खेड्यात दिली आहे. तिथे सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, घरच्यांनी तिला उभी केली आणि ती निवडून आली. चांगल्या मतांनी आली. लोकांना ती आवडते. कुणाच्या दुखण्याखुपण्याला ती पहिली पोचते.

"वयनी, मना एक बॅग घेऊन दे. सरपंचाची वाटेल अशी," ती फोनवर म्हणाली.

"सरपंचाची म्हणजे कशी?"

"ते मना माहीत असतं तं तुना कशाला फोन केला असता?"

ठाण्याला एका हॉलमध्ये हातकामाच्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. आम्ही दोघी गेलो. नणंद पहिल्याच स्टॉलवर थांबली. एक पोपटी, आरशांची, मुठीएवढी बॅग तिने हातात घेतली ती सोडेना. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण मी माझ्या पद्धतीवर आले.

"तुझ्या पर्समधलं सगळं इथे काढ."

"हितं? लोक बघतात."

"बघू देत. काढ."

तिने टेबलावर पर्स उपडी केली. मोबाइल, रुमाल, पित्ताची गोळी, कपाटाची किल्ली, लिपस्टिक, कुठल्याशा देवळातली अंगाऱ्याची पुडी. बस्स.

"शिक्का कुठे आहे?" मी विचारलं.

"कसला?"

"सरपंचाचा. तुझ्या नावाचा."

"तो ह्यांच्या खिशात."

"आणि ऑनलाइन सहीचा तो डोंगल?"

"गाडीत. पुढच्या कप्प्यात. ह्यांच्याच."

मी ती पोपटी बॅग तिच्या हातातून काढून परत टेबलावर ठेवली. "मग तुला बॅग कशाला हवी? लिपस्टिकला बटवा पुरे."

स्टॉलवाली मुलगी हसली. नणंद हसली नाही. सामान पर्समध्ये भरत ती एकदम बोलायला लागली. आदल्या आठवड्यात गावातली एक बाई रहिवासी दाखल्यासाठी घरी आली होती. पोरीच्या ॲडमिशनला हवा होता, तो शेवटचाच दिवस. नणंदेचा नवरा मित्राकडच्या हळदीला गेलेला, शिक्का त्याच्या शर्टात. फोन लागेना, तिकडे डीजे. "ती बाई व्हटीवर बसून रायली, वयनी, आन मी सरपंच घरात बसून रायले. तिला च्या दिला मी. दोनदा दिला. दुसरं काय देणार?"

"मग शिक्का मागून घे त्यांच्याकडून."

"मागलेला. 'तुझा माझ्यावर विश्वास न्हाय काय?' म्हनले. आता ह्याच्यावर काय बोलायचं?"

तिचा नवरा वाईट माणूस नाही. हसतमुख, पाहुणचाराला मोठा, बायकोला कुठे जायला अडवत नाही. निवडणुकीत रात्रंदिवस पळाला तोच. पण गाव त्यालाच 'सरपंच' म्हणतं आणि तिला 'वहिनी' म्हणतं, आणि यात कुणाला काही चुकलंय असं वाटत नाही. त्यालाही नाही.

"चल," मी म्हटलं. "जे तुझ्या पर्समध्ये नाहीये, ते ज्यात मावेल अशी बॅग शोधू."

एवढं एकदा ठरल्यावर निवड सोपी झाली. फाइल न दुमडता बसली पाहिजे. तळ कडक हवा, टेबलावर ठेवली की पडता कामा नये. शिक्क्यासाठी आत वेगळा कप्पा. आणि दिसायला अशी हवी की ती खोलीत आली की कुणाची बॅग हे विचारावं लागू नये. अर्ध्या स्टॉलवरच्या बॅगा पहिल्या अटीवर गेल्या. कोपऱ्यातल्या एका मुलीकडे मात्र गडद निळी, जाड सुती कापडाची एक मिळाली. कडा चामड्याच्या, तळ फळीसारखा. आणि मूठ लाकडाची. दोन्ही टोकांना निमुळती, मधून गुळगुळीत झालेली.

नणंदेने ती हातात घेतली आणि ओरडलीच. "वयनी, ह्यो तं धोटा हाय!"

धोटाच होता. लूमवर इकडून तिकडे धावणारा, आडवा धागा नेणारा. नव्या मशीनना तो लागत नाही, म्हणून जुने धोटे आमच्याकडे पोत्याने भंगारात जातात.

"आमच्या भिवंडीत किलोवर इकतात ह्यो," नणंद त्या मुलीला म्हणाली.

"हो ना, तिथूनच आणते," मुलगी शांतपणे म्हणाली. "पण याला धरायला किती बरं वाटतं बघा. कितीतरी वर्षं कुणाच्या तरी हातात होता तो."

नणंदेने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुन्हा पहिल्या हातात. मग मोबाइल, रुमाल, पुडी सगळं स्वतःहून आत ठेवलं आणि आरशासमोर गेली. बॅग अर्ध्याहून जास्त रिकामी होती, पण उभी ताठ राहिली. नणंदही खांदे सरळ करून उभी राहिली. चांगली बॅग घेणाऱ्याच्या खांद्यांना काहीतरी करते, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं.

पैसे मी दिले. माहेरची भेट म्हणून. त्यामुळे रीतसर द्यायचं ठरलं, रविवारी आमच्याकडे जेवायला बोलावून.

रविवारी दोघं आली. जावई घरी आले की आमच्याकडे मटण असतंच. जेवणं झाली, जावईबापू सोफ्यावर ऐसपैस बसले. माझा नवरा त्यांच्या शेजारी बडीशेप चघळत. मी कोऱ्या कापडाच्या पिशवीतून बॅग बाहेर काढली.

"अरे बापरे," जावईबापू म्हणाले. "येवढी मोठी? वयनी, हिला बाजाराला धाडताय का शाळंत?"

"पंचायतीत," मी म्हटलं.

"तिथं काय न्यायचं असतं हिला? मी हाय ना!"

माझा नवरा हसला. मी त्याच्याकडे बघितलं, तो थांबला.

आमच्यात रिकामी पर्स किंवा बॅग कुणाला देत नाहीत. आत सुपारी, रुपया, निदान चिमूटभर तांदूळ घालूनच द्यायचं. रिकामी गेली तर रिकामीच राहते, असं म्हणतात. मी ताटलीत सुपारी आणि रुपया काढून ठेवला होता. तो उचलला आणि बॅगेत टाकणार, तेवढ्यात नणंदेने माझा हात धरला.

"तू नको, वयनी. ह्यांना घालू दे."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी हात मागे घेतला.

ती बॅग उघडून नवऱ्यासमोर उभी राहिली. "रिकामी न्यायची न्हाय. घाला कायतरी."

"घालतो की!" जावईबापूंनी मोठ्या खुशीत खिशात हात घातला आणि पाचशेची नोट काढून आत टाकली. "झालं? बरकत!"

नणंदेने नोट काढली, घडी करून त्यांच्या हातात परत दिली. बॅग तशीच उघडी धरली.

"पैसं नको. शिक्का घाला."

जावईबापू हसले, मग माझ्या नवऱ्याकडे बघून हसले, मग माझ्याकडे. आमच्या तिघांपैकी कुणीच हसलं नाही तेव्हा त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"आगं, हितं सासुरवाडीत काय ते? घरी देतो."

"घरी मागला तवा काय म्हनले तुमी?"

"आगं पन हरवशील."

"हरवला तं माझ्या नावाचा हरवल."

"आन कुनाला लागला म्हंजे?"

"तं माझ्याकडं येतील. मी घरीच असते. तुमी कुठं असता?"

माझा नवरा खोकला. त्याच्या आयुष्यात बहिणीच्या बाजूने तो एवढा जोरात कधी खोकला नसेल. जावईबापूंचा चेहरा एकदा लाल झाला. मला वाटलं आता उठून जातील, चहाही घेणार नाहीत, आणि मग हे प्रकरण वर्षभर आमच्या माथी राहील. पातेल्यात राहिलेलं मटण डब्यात भरून द्यावं की नाही, एवढंही माझ्या डोक्यात येऊन गेलं.

ते उठले नाहीत. बायकोकडे बघत राहिले. ती बॅग धरून उभी होती, हात खाली आले नाहीत. रीत होती. सासऱ्याच्या घरात, रिकामी बॅग समोर असताना, खिशात हात घालून काहीच न देणं जावयाला शोभत नाही. आणि काय द्यायचं ते तर तिने सांगून झालं होतं.

त्यांनी शिक्का काढला. क्षणभर तळहातावर धरला, त्यावरचं तिचं उलटं नाव वाचल्यासारखं केलं आणि बॅगेत ठेवला. टाकला नाही, ठेवला. कप्पा कुठला तेही विचारलं.

"ह्यो," नणंद म्हणाली. मग जरा थांबून, "गाडीतला डोंगल?"

"तो पन आत्ताच?"

"रिकामा कप्पा बरा दिसत न्हाय."

या वेळी ते खरं हसले. किल्ली घेऊन खाली गेले. ते जिना उतरेपर्यंत नणंद खुर्चीवर बसली नव्हती. मग बसली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. मी तिला पाणी दिलं, आणि माझी सुपारी आणि रुपयाही आत टाकला. कारण माहेरचं माहेरच्यांनी घातलंच पाहिजे.

नंतर गावात एकदम काही उलथापालथ झाली नाही. लोक अजून तिच्या नवऱ्याला 'सरपंच' म्हणतात. पण दाखला हवा असला की आधी घरी येतात आणि "वहिनी आहेत का?" असं विचारतात. जावईबापूंनी एकदा मला फोन करून तक्रारही केली, "वयनी, ती बाजारात गेली बॅग घेऊन, आन दारात तीन मानसं बसलीत. च्या मना द्यायला लागतो." मी म्हटलं, "दोनदा द्या."

मागच्या महिन्यात नणंदेने मला फोटो पाठवला. बॅगेच्या अस्तरावर जांभळा डाग. शिक्क्याची शाई गळली होती. महागाची बॅग, पहिलाच डाग. मी लगेच सविस्तर कळवलं: शिक्का झाकणाच्या डबीत ठेव, डागावर पाणी घालू नकोस, कापसाने स्पिरिट लाव, घासू नकोस, टिप.

तिचा उलट व्हॉइस मेसेज आला. मागे गर्दीचा आवाज होता, कुणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारत होतं.

"डबी घेतली, वयनी. डागाला टायम न्हाय. मंग बघू."