पाळणाघरातलं रडणं

आमच्या कंपनीत जे बाळ रडायचं, ते कुणाचंच नव्हतं.

बाळंतपणाच्या रजेवरून परतले त्याच दिवशी मला ते ऐकू आलं. कंपनी अंबडला, घरातल्या बोर्डावर बसतात ती बटणं आणि सॉकेट जोडणारी. लाइनवर सगळ्या बायकाच. सहा महिन्यांची पगारी रजा मिळाली होती आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी आई मला झोळीत घालून बांधावर ठेवायची आणि कांदे काढायची, तिला कसली रजा! मी मात्र सहा महिने पोरीचं तोंड बघत घरी बसले, मग तिला सिडकोत शेजारच्या काकूंच्या हवाली केलं आणि कामावर गेले.

चहाच्या सुट्टीच्या थोडं आधी कॉम्प्रेसर थांबतो. तो थांबला की कानात बोळे घातल्यासारखं शांत होतं. त्या शांततेत एक बाळ रडलं. मोठ्याने नाही. खूप वेळ रडून दमलेलं बाळ रडतं ना, मध्ये मध्ये थांबून, तसं. माझ्या डोक्यात काही यायच्या आधी दूध आलं आणि एप्रनच्या आतून ड्रेस भिजला. मी उठलेच.

“कुठे?” सुपरवायझर सरांनी विचारलं. ते लाइनच्या टोकाला उभे असतात आणि कुणाची पाठ खुर्चीवरून सुटली की त्यांना आधी दिसते.

“बाळ रडतंय.”

“कुणाचं?”

माझ्या शेजारी बसते तिने माझं मनगट धरून मला खाली ओढलं. ही रोज दिंडोरीहून एसटीने येते, म्हणून आम्ही तिला दिंडोरीवालीच म्हणतो. तोंडाने फटकळ, पण हात मऊ. “बस खाली,” ती म्हणाली. “ते तसलं रडनं हाय.”

तसलं म्हणजे कसलं, ते जेवणाच्या सुट्टीत कळलं. जिचं लेकरू घरी आहे तिलाच ते ऐकू येतं. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्या पोरींना नाही, ज्यांची मुलं मोठी झाली त्यांनाही नाही. दिंडोरीवालीला रोज येत होतं. तिचा धाकटा अडीच वर्षांचा. तिची सासू द्राक्षबागेत कामाला जाताना त्याला बरोबर न्यायची आणि फवारणी चालू असली की मांडवाच्या खांबाला लुगड्याने बांधून ठेवायची, औषधाच्या टाकीजवळ जाऊ नये म्हणून. “कधी कधी त्याचाच आवाज वाटतो,” ती म्हणाली. “मंग म्या सॉकेटचे स्क्रू मोजीत बसते.”

“येतो कुठून पण?”

तिने भाकरीचा तुकडा पाळणाघराकडे केला.

हो, आमच्या कंपनीत पाळणाघर होतं. कायद्याने ठेवावंच लागतं, म्हणून होतं. शॉपच्या, म्हणजे आमची लाइन असते त्या हॉलच्या, काचेसमोर, मधल्या बोळापलीकडे एक खोली. दारावर ससे काढलेले, त्यांचे कान गाढवाचे. आत दोन पाळणे, गादी, प्लॅस्टिकही न काढलेली खेळणी आणि मुलं सांभाळायला पगारी मावशी. नव्हती ती फक्त मुलं. हत्तीचे दाखवायचे दात म्हणतात ते हेच. सरकारी साहेब तपासणीला यायचे, दार उघडून बघायचे, मान हलवून चहाला जायचे.

सगळं बिघडलं ते मी रजेवर असताना, अशाच एका तपासणीच्या आधी. एचआरच्या साहेबांना खोली फार मढ्यासारखी वाटली. ते मावशीला म्हणाले, “मावशी, तो पाळणा जरा हलता ठेवत जा. चालू असल्यासारखं वाटलं पाहिजे.” ह्या माणसाला आई नव्हती का? रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. लेकराच्या पोटात दुखतं म्हणतात, आणखीही बरंच काही म्हणतात. पण सांगणारा साहेब आणि ऐकणारी पगारी बाई. दुसऱ्या दिवसापासून शॉपमधल्या बायकांना काचेतून दिसायला लागलं: आत एकही मूल नाही आणि पाळण्याची कड खालीवर होतेय. तपासणी झाली तरी ती थांबली नाही, कारण थांबव म्हणून कुणी सांगितलंच नाही. आणि मग रडणं सुरू झालं.

“रिकामा हलवला की कुनीतरी येऊन झोपतंच त्याच्यात,” दिंडोरीवाली म्हणाली. तेव्हापासून एकाही बाईने त्या खोलीची पायरी चढली नव्हती.

मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. पण त्या दिवसांत मला हसू आलं नाही. रोज कॉम्प्रेसर थांबायचा, रोज ते रडायचं आणि रोज मी ओली व्हायचे.

त्यातच काकूंनी सांगितलं की त्या बाहेरगावी निघाल्या, लेकीच्या बाळंतपणाला, आणि परत कधी येतील ते सांगता येत नाही. सासूबाई येवल्याला. घरबसल्या पैठणी विणायच्या रेशमाच्या कांड्या भरून देतात, त्या काम सोडून यायच्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, “पोरीला इकडं आणून सोड. सुट्टीच्या दिवशी येत जा भेटायला. नायतर नोकरी सोड. पण त्या तसल्या खोलीत माझी नात ठेवू नको.” खोलीची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती, माझंच तोंड फाटकं. नवरा म्हणाला, “तू म्हणशील तसं.” नवऱ्यांना हे एक वाक्य बरं येतं.

म्हणजे एकतर पोर जायची, नाहीतर नोकरी. दोन्हींतलं काहीच मला सोडायचं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी एचआरच्या साहेबांकडे गेले.

“तुमचा हक्कच आहे ताई,” ते हसून म्हणाले. “कुणी अडवलंय? आम्ही एवढा खर्च केला, पण बायकांनाच नको असतं.”

त्या हसण्याने माझं टाळकं सरकलं. तशीच बोळ ओलांडून गेले आणि सशांचं दार ढकललं.

मावशी दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. नांदगावकडची, साठीला टेकलेली, केसांना तेल चोपडलेली बाई. एका हातात पाळण्याची दोरी, आणि तोंडाने काहीतरी बारीक गुणगुणत होती. मी पुढे होऊन पाळण्यात वाकून बघितलं. दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला टोपडं घातलेलं काहीतरी होतं. टोपड्याच्या आत तोंड नव्हतं. काळा गुळगुळीत दगड होता, आणि त्याला काजळाची तीट लावलेली होती.

माझ्या घशातून आवाज निघाला. मावशीने मान न वळवता म्हटलं, “वरडू नको बाई. आत्ता कुठं डोळा लागलाय.”

खरंच सांगते, पळून जावंसं वाटलं. मग मावशीने वळून बघितलं, आणि तिचा चेहरा अगदी साधा होता, भाजी निवडत बसलेल्या बाईसारखा. “घरचा वरवंटा हाय,” ती म्हणाली. “सायब म्हनले पाळना हालव. रिकामा कसा हालवू? पाप लागंल. मंग ह्याला आनला. बारशाला घालतोच ना आपुन.”

घालतो. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात, तो बाळासारखा टणक व्हावा म्हणून. “पण मग तो काढून बाळ घालतात, मावशी.”

“बाळ कुनी आनलंच नाय. ह्याला काढला तर पाळना रिकामा नाय का व्हनार?”

म्हणजे बारसं सुरू झालं होतं आणि संपलंच नव्हतं. किती महिने तो दगड तिथे निजला होता कोण जाणे. दुपटं धुतलेलं होतं, स्वच्छ.

“मावशी, ते रडतं कोण?”

“मला नाय येत ऐकू. माझी समदी मोठी झाली.” तिने काचेकडे हनुवटी केली. “पन हितून मला तुमी दिसता. मशीन बंद झालं का तुमी लेकुरवाळ्या बाया एकदम माना वर करता. समद्या. एका येळंला. मला लय भ्याव वाटतं तवा.”

मी काचेतून शॉपकडे बघितलं. लाइनवरच्या रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. इतके दिवस आम्ही तिला घाबरत होतो आणि ती आम्हाला.

बाहेर पडताना दारावरची पाटी वाचली. कायद्याने काय काय द्यायचं ते लिहून, काच लावून, इतकी उंच टांगली होती की टाचा उंचावल्याशिवाय दिसू नये. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येईल, असं त्यात होतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीला घेऊन गेले त्या दिवशी लाइनवर कुणी माझ्याशी बोललं नाही. दिंडोरीवालीने फक्त पोरीच्या गालाला हात लावून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मावशीने मात्र सगळं रीतसर केलं. वरवंटा उचलला, पाळण्याखालून नेला, वरून घेतला, बारशाला म्हणतात ते पुटपुटली, आणि मग माझ्या मुलीला त्या जागी निजवलं. दुपट्याला दगडाचा गारवा होता. मुलगी त्यावर हात पसरून झोपली आणि मी रडत रडत लाइनवर जाऊन बसले.

कॉम्प्रेसर थांबला. शांत झालं. मला काहीच ऐकू आलं नाही.

मी मान वर केली आणि मावशीला रोज दिसायचं ते बघितलं. ज्यांची लहानगी घरी होती त्या बायकांच्या माना एकदम वर झाल्या होत्या, हातातले स्क्रू तसेच हातात, आणि सगळ्या काचेकडे बघत होत्या. मीच एकटी त्यांच्याकडे बघत होते. माझीच पोर तिथे रडत असेल आणि मलाच ऐकू येत नसेल तर?

“ब्रेक झालेला नाही,” मला धावताना बघून सर म्हणाले.

“चार वेळा जायचा हक्क आहे मला. पाटीवर लिहिलंय, वाचा जाऊन!” मी ओरडले. सरांवर कुणी ओरडल्याचं लाइनवर पहिल्यांदाच घडत होतं.

मुलगी गाढ झोपली होती. मावशी दोरी धरून बसली होती, खोलीत पाळण्याच्या कड्यांचाच काय तो आवाज. मी पोरीला उठवून पाजलं, उगीचच, माझ्यासाठी.

परत आले तेव्हा दिंडोरीवालीने हळूच विचारलं, “तुला आला का गं आवाज आज?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरली ती धाकट्याला कडेवर घेऊन. त्याच्या कमरेवर लुगड्याच्या गाठीचा वळ होता. त्या दिवशी तिचीही मान वर झाली नाही. मग हळूहळू एकेक बाई लेकरू आणायला लागली. कुणाचं रांगतं, कुणाचं चालतं. मावशीला मदतीला आणखी एक बाई द्यावी लागली, आणि एचआरचे साहेब पाहुण्यांना खोली दाखवायला आणू लागले, जणू पोरं त्यांनीच जन्माला घातली. आलेल्या प्रत्येक मुलामागे वर होणारी एक मान कमी व्हायची. आम्ही ते बघायचो आणि त्याबद्दल बोलायचो नाही. एके दिवशी कॉम्प्रेसर थांबला आणि एकही बाई हलली नाही. दिंडोरीवालीने सुटकेचा निःश्वास टाकला. मीही.

तेव्हा मला सर दिसले. लाइनच्या टोकाला, नेहमीच्या जागी. त्यांची मान वर होती आणि ते काचेकडे बघत होते.

मी काही दिवस नुसतं बघितलं. रोज तेच. मग चहाच्या सुट्टीत जवळ जाऊन विचारलं, “सर, तुमचं लेकरू कुणाकडे असतं?”

ते दचकले. आधी म्हणाले, काय संबंध. मग म्हणाले, सटाण्याला, म्हाताऱ्या आईकडे. बायको बाळंतपणातच गेली. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभर आमच्या पाठी मोजणाऱ्या ह्या माणसाची पाठ आम्ही कधी बघितलीच नव्हती. “लहान शे हो अजून,” त्यांच्या तोंडून गावची बोली निघाली, आणि ते बोळाकडे तोंड करून उभे राहिले. “तुम्हा बायकांना येतो म्हणून मी कधी बोललो नाही. म्हटलं, बापाला कसा येईल.”

मी त्यांना हाताला धरून नेल्यासारखं एचआरच्या साहेबांकडे नेलं. साहेबांनी ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले, नियमात महिला कर्मचारी असं लिहिलंय, बापाचा उल्लेखच नाही. आज यांचं घेतलं तर उद्या सगळे आणतील. मी भांडले. दिंडोरीवाली भांडली. सर मध्येच “राहू द्या ताई” म्हणून उठून गेले.

माझी मुलगी आता पहिलीत जाते. सर अजून त्याच लाइनवर आहेत, आणि त्यांचं लेकरू अजून सटाण्यालाच. कॉम्प्रेसर थांबला की त्यांची मान वर होते, आणि आम्ही सगळ्याजणी खाली बघून स्क्रू बसवत राहतो.