बाळंतिणीची गाडी

माझी बदली तळेघरच्या शाळेत झाली आणि घरात खल सुरू झाला. अवसरी खुर्दहून रोज एसटीने जाऊन येणं जमण्यातलं नव्हतं. सकाळची चुकली की शाळा चुकणार, संध्याकाळची चुकली की घर चुकणार. नवऱ्याचं म्हणणं, तिथेच खोली घे, शनिवारी येत जा. मला रोज रात्री माझ्या घरात, माझ्याच उशीवर झोपायचं होतं. बास, एवढंच. त्यासाठी गाडी हवी होती, आणि ती मीच चालवणार होते.

मंचरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या गोदामात लाल गाडी कधीची उभी असल्याचं कळलं. मुलगा पुण्याला गेलेला, शेटजींना चालवता येत नाही, म्हणून ती पोत्यांच्या सोबतीने पडून. किंमत ऐकून मला हसू फुटलं आणि नवऱ्याला शंका आली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं तो वाटेत तीनतीनदा म्हणाला.

शेटजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्या मंचरात गेल्यामुळे त्यांची मराठी माझ्यापेक्षा रांगडी. धुळीने भरलेल्या स्टिअरिंगवर मी हात ठेवला तर पोटात गुदगुल्याच झाल्या. नवऱ्याने किल्ली मागितली. शेटजींनी ती खिशात घातली.

"ताई, गाडी बघा, पण सुरू न्हाई करायची. आत बाळंतीण हाय."

त्यांनी बॉनेट हळूच उचललं. इंजिनाच्या कडेला काथ्या-कापसाचं घरटं, आणि त्यात खारीची गुलाबी पिल्लं, डोळेसुद्धा न उघडलेली. आधीच्या एका गिऱ्हाइकाने घरटं काढून फेका म्हटलं, तर शेटजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. जीवहत्या त्यांना कुठल्याच भावात परवडणारी नव्हती.

झाली पंचाईत. गाडी चालू झाल्याशिवाय घ्यायची नाही, हा नवऱ्याचा हट्ट. पिल्लं गेल्याशिवाय चालू करायची नाही, हा शेटजींचा. आणि जूनमध्ये तर शाळा उघडणार.

मग मी भाजीच्या निमित्ताने सारखी मंचरला जाऊ लागले. पिल्लांना लव फुटली, डोळे उघडले, शेपट्या झुपकेदार झाल्या. घरी येऊन मी हे सगळं इतकं रंगवून सांगायचे की नवऱ्याने विचारलं, तू गाडी बघायला जातेस की बारशाला? नवीन बॅटरीची चौकशी मात्र त्यानेच गुपचूप करून ठेवली होती.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर शेटजींचा फोन आला, घर रिकामं झालं. मेकॅनिकने घरटं काढलं, बॅटरी बसवली, जुनं पेट्रोल काढून नवं ओतलं. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. माझा जीव टांगणीला. पुन्हा फिरवली, आणि गाडी सुरू झाली राव. त्या आनंदात मी गाडीतला पंखा पुरता सोडला, तर समोरच्या जाळीतून कापूस, काथ्या आणि शेंगांची टरफलं भस्सकन उडून शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या तोंडावर. शेटजी पोत्याला धरून हसत होते. हसून हसून माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. नवऱ्याने मिशीतलं टरफल काढलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, घेऊन टाक.

शेटजींनी एकच अट घातली. रोज गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या, आत कोणी निजलेलं असेल तर त्याला निघायला वेळ मिळावा.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी नेमकी घाईत विसरले. किल्ली फिरवणार, तोच नवरा अनवाणीच अंगणात आला. त्याने बॉनेटवर दोन थापा मारल्या, थोडा थांबला, मग खिडकीशी वाकला.

"संध्याकाळी पिठलं मी टाकतो. जेवायला घरी ये."