रिकाम्या ओळी आणि माझं बॉलपेन

"पापा! ये क्या लिखा है आपने?"

आमची मुलगी ओरडली आणि, खोटं कशाला सांगू, तिकडे झाशीच्या मानिक चौकातल्या दुकानांत टांगलेली पातेली वाजली असणार. वरच्या क्वार्टरातून शेजारी वाकले. "भैया जी, सब ठीक?" मी म्हटलं, "सब ठीक. बच्ची पढ़ रही है." यात खोटं काही नव्हतं. ती वाचतच होती. फक्त पुस्तकात मी लिहिलेलं वाचत होती.

तसं पाहिलं तर हे ओरडणं म्हणजे प्रगतीच. त्याआधी अठरा दिवस ती माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. भांडण पुण्यावरून. बारावीनंतर तिनं पुण्याला माझ्या बहिणीकडे राहून शिकावं, असा माझा हुकूम. तिला झाशीतच शेतीचं शिकायचं. गरौठ्याच्या मैत्रिणीच्या शेतात मटारावर पडलेली कीड पाहून आली, तेव्हापासून अशी बोलायची, जणू ती कीड आमच्याच घराण्याला लागलीय. मी "पुणं" म्हटलं, तिनं दार आपटलं. तेव्हापासून जेवताना, "मम्मी, इनसे कहिए पंखा धीमा करें." इनसे! मी दीड हातावर बसलेला, हातात आमटीची वाटी.

बायको मिशनच्या शाळेत शिकवते. तिथल्या गणिताच्या बाई ख्रिस्ती, फार मायाळू. बायकोचं उतरलेलं तोंड पाहून त्यांनी तीन पुस्तकं वाचायला दिली. हिंदीतली. एक मुलं वाढवण्यावर, एक 'मी कोण' यावर आणि एक अवघड झालेल्या नात्यांवर. बायकोनं तिन्ही फ्रिजवर ठेवली. देवाचं नाव आहे, कुणाचा पाय लागायला नको. आमच्याकडे पायाच्या बाबतीत सगळे देव सारखे.

मी वाचायला घेतली आणि डोकं फिरलं. पुस्तक म्हणतं, मूल तुमच्या मालकीचं नाही, देवानं सांभाळायला दिलेली ठेव आहे. बरं. मग ठेव दार आपटते तेव्हा काय करायचं? पुस्तक म्हणतं, मधे न बोलता तिचं ऐका. आणि चुकला असाल तर तिची माफी मागा. माफी! गुरसरायच्या जहागिरीत आमचे पूर्वज कारकून होते, तेव्हापासून आमच्यात कुणी कुणाची माफी मागितलेली नाही. आजोबा एकदा आजीला ग्वाल्हेरच्या फलाटावर विसरून आले. पुढच्या गाडीनं परत गेले आणि तिलाच म्हणाले, "होतीस कुठं?"

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक छोटी प्रार्थना, एक प्रश्न आणि खाली सहा रिकाम्या ओळी, प्रामाणिकपणे लिहायला. बायकोनं सगळ्या प्रश्नांना पेन्सिलीनं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, 'ठीक' असं उत्तर दिलं होतं. मला म्हणाली, "अहो, तुम्ही लिहा ना काहीतरी. पंधरा दिवस झाले." मुलाबद्दल तुम्हाला कशाची भीती वाटते, असा एका पानावर प्रश्न. मी बॉलपेन काढलं आणि मराठीत लिहिलं.

मराठीत का, तर झाशीत मराठी ही आमची तिजोरी. दुकानदारासमोर साडीचा भाव किती पाडायचा ते मराठीत. पाहुणे कधी उठणार ते मराठीत. मुलगी मराठीला उत्तर द्यायची ती हिंदीतच, म्हणून तिला मराठी येत नाही असं मी धरून बसलो होतो. आणि दोन्हींची अक्षरं एकच, हे पहिलीतल्या पोराला कळतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला कळलं नाही.

त्या ओरडण्याच्या दिवशी बायकोनं पुस्तकं मुलीच्या हातात दिली, बाईंना परत दे म्हणून. तिनं नेमकं तेच पान उघडलं.

"बोलती नहीं हूँ, समझती सब हूँ!" ती ओरडली. "बचपन से! मौसी के ससुराल वाली बातें भी!"

बायको पांढरी पडली. मग सावरून माझ्यावरच घसरली, "अहो, परत द्यायचं पुस्तक! आणि पेनानं लिहिलंत?"

मुलगी मोठ्यानं वाचू लागली, अडखळत. "पुण्यात मी तोंड उघडलं की लोक माझ्या मराठीला हसतात. इथे अजून विचारतात, तुम्ही मूळचे कुठले. पंचावन्न वर्षं झाली, मी कुठलाच नाही. ही इथे राहिली तर माझ्यासारखी होईल."

तिनं पुस्तक मिटलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "वो आप पर हँसे, और आप मुझे उन्हीं के पास भेज रहे थे?"

या प्रश्नाला माझ्याकडे किमान चाळीस उत्तरं होती. पुस्तक म्हणतं ऐका, म्हणून गप्प बसलो. दीड मिनिट! आमच्या घराण्यात एवढा वेळ फक्त गेलेली माणसं गप्प बसलीत.

"मुझसे कोई पूछे कहाँ की हो," ती म्हणाली, "तो मुझे सोचना नहीं पड़ता. झाँसी की हूँ."

"चुकलं माझं," मी म्हटलं. भिंतीवरच्या फोटोतल्या सगळ्या पूर्वजांनी मान फिरवली, मी डोळ्यांनी पाहिलं. बायकोच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "पुण्याचं राहू दे. इथल्या कॉलेजचं काय ते सांग. मी येऊ का बरोबर?"

तिनं पुस्तक दप्तरात घातलं, चेन ओढली.

"सोमवारी दहाला कागद तपासतात. आई किंवा बाप, एकजण चालतं."