राखेतलं कार्ड

भादवा लागला तरी पोशेरा गावावरचं धुकं हटत नव्हतं. पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसती झिमझिम. मुकेश सकाळी खाचरावर गेला तेव्हा खालच्या बांधाला खेकड्यानं बीळ पाडलेलं, आणि भातातलं पाणी त्यातून ओहोळाकडं निवांत चाललेलं. त्यानं ओंजळभर चिखल बिळात कोंबला, वरून टाचेनं दाबला. हे काही टिकणारं नाही, कुदळ घेऊन परत यावं लागेल, हे त्याला कळत होतं. पण घरी ओटीवर कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडला होता, आणि फोटोसाठी सुकी यायची होती.

मुकेश पावसाळ्यात भात-नाचणीचा, आणि उन्हाळा लागला की मोखाड्यापासून जव्हारपर्यंतच्या लग्नांचा शूटिंगवाला. जवानीत ठाण्याला एका स्टुडिओत कामाला होता. तिथल्या सेठनं नवी मशीन घेतली तेव्हा जुना कॉम्प्युटर याला देऊन टाकला. तो एसटीच्या टपावरून आला, घोंगडीत गुंडाळून. तेव्हापासून अख्ख्या पट्ट्यातली लग्नं त्याच्या पोटात.

त्या लग्नांत उजेड धरायला असायचा लक्ष्या. खालच्या वाडीतला मजूर माणूस, हिवाळ्यात वीटभट्टीवर, उन्हाळ्यात मुकेशबरोबर. मोठा दिवा डोक्यावर उचलून नवरा-नवरीच्या पुढं उलटा चालायचा, कधी ठेच लागली नाही. मागच्याच पंधरवड्यात तापानं गेला. रविवारी त्याचे दिवस घालायचे होते आणि त्याची बायको सुकी हिच्यापाशी फोटो नव्हता.

“आधारवरचा हाये ना,” मुकेश म्हणाला होता.

“तो नको रं भाऊ. पोलिसानं धरून आणल्यागत दिसतो त्यात.”

मग मुकेश सगळी लग्नं धुंडाळायला बसला. उजेड सगळीकडं लक्ष्याचा, आणि लक्ष्या कुठंच नाही. एवढं आठवत होतं, की तुकाच्या पोरीच्या, गौराच्या, लग्नात त्यानं दिवा दुसऱ्याच्या हातात दिला होता आणि नाचात शिरला होता. पण त्या नाचाशी आलं की जुनी मशीन अडकायची. चित्र गोठायचं, आवाज तेवढा पुढं जायचा.

म्हणून काल दुपारी मुकेशनं माळ्यावरची पिशवी खाली काढली. ग्राफिक्स कार्ड आणि जास्तीची रॅम, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी नाशिकहून मागवलेली. आवणीत हात चिखलात, म्हणून त्यानं ती आईच्या, रामीच्या, हातात दिली होती. घरात कोरडी जागा एकच, चुलीवरचा माळा. बी-बियाणं, सुकी मासळी, सगळं तिथंच.

काल दोन्ही बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. आतून नुसतं पीं, पीं, पीं.

त्याची बायको जयश्री चुलीपाशी भाकर थापत होती. “चालत व्हता तो खोललास,” ती म्हणाली. “रडतखडत व्हता, पण चालत व्हता.”

“चालत नव्हता, अडकत व्हता.”

“आता अडकतबी नाय.”

आज खाचरावरून येऊन मुकेश पुन्हा बसला. मॉनिटरची वायर नव्या कार्डात लावायची असते, जुन्या जागी नाही. ती नीटच होती. कार्डच काढून टाकलं, वायर जुन्या जागी लावली, जुनी रॅम बसवली. तेच पीं, पीं. लग्नं आतल्या डिस्कवर शाबूत आहेत हे तो जाणून होता, पण मशीन उठल्याशिवाय ती दिसणार कशी? जव्हारच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघतो, म्हणाला. रविवार तर परवावर आला होता.

तेवढ्यात सुकी आली. डोक्यावरचं इरलं ओटीच्या खांबाला टेकवलं आणि पायरीवर बसली. उघड्या डब्याकडं बघून म्हणाली, “याला पण ताप का?”

मुकेशनं बटण पुन्हा दाबून दाखवलं. पीं, पीं.

रामी आतून आली, वाकून बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “पोऱ्या, माना वाटतं राख नीट झटकली नाय मी.”

“कसली राख?”

“तुझ्या त्या बियाला.”

“कसलं बी, आये?”

“ते हिरवं, सोनेरी दातांचं. प्लास्टिकात घामेजलं असतं ना! म्हणून बाहेर काढलं, राख चोळली, उडदाच्या मडक्यात ठेवलं. किडा लागत नाय. काल तू मागितलंस तेव्हा झटकून परत पिशवीत घातलं.”

जयश्रीचा हात परातीत तसाच राहिला. सुकीनं तोंडावर पदर घेतला.

मुकेशनं कार्ड नाकाशी धरलं. धुराचा वास. काल तो वास त्याला आलाच नव्हता. या घरात कोणत्या वस्तूला तो नसतो? कार्ड उजेडाकडं तिरपं केलं तेव्हा सोनेरी दातांवर पिठासारखं करडं पुट दिसलं. तेच रॅमवर, आणि तिथून मशीनच्या खाचेत. म्हणून जुनी रॅमही लागत नव्हती.

“किडा लागला का पण?” रामीनं विचारलं.

“नाय लागला, आये.”

“मग!”

त्यानं प्लग काढला. कॅमेऱ्याचा मऊ ब्रश घेऊन खाचा झाडल्या, फुंकर मात्र मारली नाही, थुंकी जाते. लेकीच्या दप्तरातून खोडरबर काढलं आणि कार्डाचे, दोन्ही रॅमचे दात एकेक बाजूनं घासले. रबर काळं होत गेलं. सगळं टचकन आवाज येईस्तोवर दाबून बसवलं, वायर कार्डात लावली, बटण दाबलं.

एकच पीं. आणि स्क्रीन उजळली.

“उठला!” जयश्री म्हणाली, आणि भाकर करपली.

मुकेशनं गौराचं लग्न लावलं. नाचापाशी चित्र अडकलं नाही. नाचणाऱ्यांचा गोल फिरत होता, बायांचे हात एकमेकींच्या कमरेत गुंफलेले, आणि कडेला, उजेडाच्या पट्ट्यात, एक माणूस. मुकेशनं थांबवलं.

“हा बघ.”

सुकी जवळ आली, स्क्रीनपाशी वाकली. “हा आमचा नाय.”

“अगं, लक्ष्याच.”

“एवढा गुबगुबीत? हा सरपंच दिसतो कुठला तरी.”

खरंच, सगळेच फुगले होते. नवरी दोन माणसांएवढी, मांडवाचे खांब आडवे वाढलेले. कार्ड बसलं होतं, पण त्याला चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, अजून घातला नव्हता, म्हणून चित्र जुन्या चौकोनी मापात येऊन रुंद स्क्रीनवर ताणलं जात होतं. मुकेशनं ते समजावलं. सुकी मान हलवत राहिली, पण डोळे म्हणत होते की नाही, तो नाहीच.

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, आणि रेंज फक्त ओटीच्या कोपऱ्यात. मोबाईल टोपलीत ठेवून टोपली वळचणीला टांगली. वारा आला की टोपली फिरे आणि नेट जाई. शेवटी रामीच काठीनं टोपली अडवून उभी राहिली, राखेची भरपाई करत असल्यासारखी. जयश्रीनं सगळ्यांना काळा चहा दिला. सुकीनं घेतला, प्यायली नाही.

स्क्रीन एकदा काळी झाली. मग ती परत उजळली, आणि सगळं आपापल्या मापात आलं. खांब सरळ. नवरी बारीक. कडेचा माणूस काटकुळा, गळ्याचं हाड वर आलेलं, हात मोकळे, दिवा नसल्यानं त्यांचं काय करावं हे न सुचलेले. तोंड उघडं, हसत होता.

“हां,” सुकी म्हणाली. “आता उपाशी दिसतो. हाच.”

निवलेला चहा तिनं पिऊन टाकला.

मुकेशनं तेवढाच तुकडा मोठा केला आणि घरच्या प्रिंटरवर जाड कागदावर काढला. सुकीनं तो दोन्ही हातांत धरला. ओल लागू नये म्हणून कुठं ठेवावा, असं तिनं विचारलं तशी रामी म्हणाली, “माळ्यावर ठेव.”

“नको गं बाय,” सुकी म्हणाली, “राख चोळशील.”

आणि ती हसली, पदर तोंडावर न घेता. फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी छातीशी, वर इरलं, आणि वाडीच्या वाटेला लागली.

मुकेशनं मशीनचं झाकण लावलं, खोडरबर दप्तरात परत टाकलं. मग कोपऱ्यातली कुदळ उचलून तो खालच्या बांधाकडं निघाला. खेकड्यानं एव्हाना चिखल बाहेर काढला असणार.