ढोलावरचा कोंडा

पेंढा जळाल्याचा वास आला की आमचं अंगण आठवतं. म्हसा गावच्या जत्रेला निघायचं म्हणून वडील पेंढ्याच्या जाळावर ढोल शेकवत होते. कोंबड्यांना घालायला नेलेला भाताचा कोंडा माझ्या हातून नेमका त्या तापल्या कातड्यावर सांडला. आता ओरडा बसणार म्हणून मी पुसायला धावले. "ऱ्हाऊ दे गो," म्हणत त्यांनी हलकेच टिपरी घातली. कोंडा उडाला, सरकला आणि त्याचं गोल कडं झालं. "बघ, मी हात नाय लावला!" ते पोरासारखे हसले. आज प्रयोगशाळेत नखाएवढ्या काचेत कोरलेल्या बारीक नळीत मी ध्वनिलहरींनी रक्तातल्या पेशी अशाच, हात न लावता, एका रेघेत आणते. तो आवाज माणसाला ऐकू येत नाही. तरी यंत्र सुरू केलं की मी कान देऊन थांबते.