डागी लादीतलं पान

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या सिंधी मार्बलवाल्याला दोन हजार रुपये आगाऊ दिले. सौदा सहा हजार दोनशेचा: गुजरातमधल्या ध्रांगध्र्याच्या पिवळ्या वाळूच्या दगडाच्या चार लाद्या, अंबरनाथच्या घरी गॅलरीत बसायला कट्टा करायचा म्हणून. हजर मी, मार्बलवाला आणि गवंडी.

घरी माल उतरवला तर एका लादीवर कंगव्यासारखा तपकिरी ठसा. मार्बलवाला फोनवर म्हणाला, "साहेब, दाग आहे. बदलून देतो, नाहीतर मशीन मारतो. दोन मिनिटांत साफ."

मी फोटो मुलीला पाठवला. ती कॅनडात भूविज्ञान शिकते. तिची आई गेल्यापासून आमचा फोन फक्त रविवारी: बीपीची गोळी, तिकडची थंडी, संपलं. त्या दिवशी लगेच तिचाच फोन आला.

"बाबा, मशीन लावू देऊ नकोस! पान आहे ते. जीवाश्म."

नदीच्या वाळूत पान गाडलं गेलं, वर थर साचत गेले, दाबाने वाळूचा दगड झाला. पान गेलं, ठसा राहिला, असं तिने समजावलं. मी विचारलं, मग आपल्या बदलापूरच्या डोंगरात असं का नाही दिसत?

"तो लाव्हा रे. पान जळून जाईल त्यात. आणि तुझी लादी त्या डोंगरांहून जुनी आहे."

"तरी दुकानदाराने नव्याचाच भाव लावला."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

तो आठवडाभर रोज फोन. ठसा किती लांब? कण बोटाला लागतात का? कडेला थर सपाट की तिरपे? मी पट्टी आणि भिंग घेऊन बसायचो. अकरा सेंटीमीटर. लागतात. तिरपे. "तिरपे म्हणजे वाहतं पाणी," ती म्हणाली. गवंडी विचारी, "काका, कट्टा करायचाय ना?" मी उद्यावर ढकलत होतो.

मग तिने सांगितलं, तिच्या इथल्या जुन्या कॉलेजला संग्रहासाठी लादी हवी आहे.

"इथेच राहू दे की."

"बाबा, तू त्यावर बसणार, चहा सांडणार. तिथे मुलं बघतील."

लादी गेली की ती मला काय विचारणार, हे काही तोंडातून निघालं नाही. "बरं, न्या म्हणावं," म्हणालो.

शनिवारी कॉलेजची दोन माणसं आली आणि लादी गोधडीत गुंडाळून घेऊन गेली. रविवारी फोन आला. गोळी घेतली. तिकडे बर्फ पडलाय. ठेवला.

सोमवारी गवंड्याने दुकानातून साधी चौथी लादी आणून कट्टा पुरा केला. मार्बलवाला जास्तीच्या लादीचे पैसे घेईना. "दागवाला माल, साईं, त्याचे कसले पैसे?" मी ऐकलं नाही. बाकी चार हजार दोनशे आणि त्या लादीचे पंधराशे पन्नास, असे पाच हजार सातशे पन्नास मार्बलवाल्याला रोख दिले.