पाळत फोल्डरवर

रुग्णालयाच्या तळमजल्यावर संगणकाचं काम पाहणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. डॉक्टरांच्या पडद्यावर नवे रिपोर्ट दाखवणारा पूर्वीचा प्रोग्राम रिपोर्टच्या हजारो फाइली दर मिनिटाला एकेक तपासायचा आणि सर्व्हर मेटाकुटीला यायचा. ताईंनी तो बदलला. आता फाइल बदलली की संगणकाची यंत्रणाच प्रोग्रामला कळवायची, तोवर तो स्वस्थ बसायचा. "आमच्या ह्यांच्यासारखाच," ताई म्हणायच्या, "हाक मारल्याशिवाय उठत नाही."

त्या दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. "ताई, ऑपरेशनच्या पेशंटचं हिमोग्लोबिन सहावर आलंय. रिपोर्ट टाकून दहा मिनिटं झाली, पण पडद्यावर अजून सकाळचं अकराच दिसतंय!"

"आधी वर ऑपरेशन थिएटरला कळवा, सुरू करू नका म्हणावं."

"कुणी फोनच उचलत नाही हो!"

ताईंनी फोन ठेवला. त्यांनी फाइल उघडली. आत सहाच होतं. मग उलगडा झाला. प्रयोगशाळेचं नवं यंत्र जुन्या फाइलमध्ये बदल करतच नव्हतं. ते नवी फाइल लिहून त्याच नावाने तिच्या जागी ठेवायचं. प्रोग्राम मात्र काढून टाकलेल्या फाइलवर डोळे लावून बसला होता. पाळत फाइलवर नव्हे, फोल्डरवर हवी होती.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती तशीच सोडून ताई जिन्याकडे धावल्या.

"डॉक्टर, थांबा," त्या दारातूनच धापा टाकत म्हणाल्या. "हिमोग्लोबिन सहा आहे, अकरा नाही."

हातमोजे चढवलेले डॉक्टर थांबले. त्यांनी रक्ताच्या पिशव्या मागवल्या.

खाली येऊन ताईंनी ती ओळ बदलली, प्रयोगशाळेला एक चाचणी रिपोर्ट टाकायला लावला आणि तो पडद्यावर उमटलेला पाहायला पुन्हा जिना चढल्या.